‘नीट वाग’ म्हटले की तो डरकाळी फोडतो

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

माझा मुलगा दोन वर्षे दोन महिन्यांचा आहे. तो भरपूर बोलतो, पण त्याच्या बोलण्यावरून घरात रोज काही ना काही घडते. गाडीला तो ‘दाडी’ म्हणतो आणि बादलीला ‘दाबली’. मी म्हणते तसे तोही ‘मी आले’, ‘मी पडले’ असे म्हणतो, आणि मग नातेवाईक त्याला ‘तू मुलगी आहेस का रे?’ म्हणून चिडवतात. कडेवर यायचे असले की हात वर करून ‘घेऊ, घेऊ’ म्हणतो. तहान त्याला लागलेली असते आणि मला विचारतो, ‘तुला पाणी पाहिजे?’ मागच्या आठवड्यात सासूबाई त्याला ‘नीट वाग’ म्हणाल्या, तर त्याने दोन्ही पंजे पुढे करून डरकाळी फोडली. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. चार महिन्यांपूर्वी तो ‘बाबा आला’ असे स्वच्छ म्हणत असे, आता ‘बाबा येला’ म्हणतो. आमच्या घरात असे कुणीच बोलत नाही. तो मागे जातो आहे का? सासूबाई त्याला शब्दाशब्दाला ‘असं नाही, नीट म्हण’ म्हणून थांबवतात, यजमान त्याच्याशी ‘दाडी’ म्हणत त्याच्याच भाषेत बोलतात, आणि धाकटे दीर पाहुण्यांपुढे त्याला बोलायला लावून व्हिडिओ काढतात. अलीकडे पाहुणे आले की तो माझ्या मागे लपतो आणि तोंडच उघडत नाही. त्याच्या चुका सुधाराव्यात की सोडून द्याव्यात? आम्ही हसतो, ते चुकते का? गेल्या सहा महिन्यांत दोनदा त्याचा कान दुखला होता. त्याला तज्ज्ञांना दाखवावे का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण ज्या प्रश्नाने तुमची झोप उडवली आहे त्यापासूनच सुरुवात करते. ‘आला’ म्हणणारे मूल ‘येला’ म्हणू लागले की ते मागे गेले असे कोणत्याही आईला वाटेल. परंतु बोलायला शिकणाऱ्या मुलांबरोबर वाचाउपचाराचे काम इतकी वर्षे केल्यानंतर मी तुम्हाला खात्रीने सांगते की तुमचा मुलगा या चार महिन्यांत एक मोठी पायरी चढला आहे.

चार महिन्यांपूर्वीचा त्याचा ‘आला’ हा अख्खा पाठ झालेला शब्द होता. दार वाजले, बाबा दिसले, की मोठी माणसे जे म्हणतात ते त्याने जसेच्या तसे उचलले होते. त्या ‘आला’चे ‘ये’शी किंवा ‘येतो’शी काही नाते आहे हे त्याला ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक होण्यासारखे कानाला त्यात काही लागतही नाही. त्यानंतरच्या दिवसांत पडला, बसला, उठला, तुटला, सांडला, लपला हे शब्द त्याच्या कानावर शेकडो वेळा आले, आणि कुणीही न शिकवता त्याने त्यांतून एक नियम हुडकून काढला: घडून गेलेली गोष्ट सांगायची असेल तर शेवटी ‘ला’ लावायचा. नियम हाती आल्यावर तो त्याने लावून पाहिला. पड-पडला, बस-बसला, तसाच ये-येला. आपल्या भाषेची गंमत अशी की दिवसातून सर्वांत जास्त वेळा लागणारी क्रियापदेच नेमकी या नियमाला जुमानत नाहीत. येणेचे आला होते, जाणेचे गेला, करणेचे केला, देणेचे दिला, घेणेचे घेतला, सांगणेचे सांगितला. त्यामुळे येत्या काही महिन्यांत ‘मी करलं’, ‘आजीनं देलं’, ‘बाबानं घेलं’ असेही तुमच्या कानी पडेल, आणि त्या प्रत्येक शब्दावर त्याने स्वतः शोधलेल्या नियमाचा शिक्का असेल. ‘येला’ आमच्या घरात कुणीच म्हणत नाही, असे तुम्हीच लिहिले आहे. जो शब्द त्याने कुणाकडूनही ऐकलेला नाही तो त्याने स्वतःच घडवलेला असणार, आणि घडवण्यासाठी नियम कळलेला असावा लागतो.

मुले ऐकलेले नुसते परत म्हणत नाहीत, हे जीन बर्को या संशोधिकेने १९५८ साली एका अतिशय साध्या प्रयोगाने दाखवून दिले. त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या चार ते सात वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले, त्याला ‘वग’ असे नाव दिले, आणि मग तसेच दोन प्राणी दाखवून वाक्य अर्धवट सोडले. मुलांनी ते ‘वग्ज’ असे पूर्ण केले. ‘वग’ हा शब्दच मुळात कुठे अस्तित्वात नव्हता, तेव्हा त्याचे अनेकवचन पाठ असण्याचा प्रश्नच नव्हता. तुमच्या घरात हाच प्रयोग रोज संध्याकाळी बाबा दारात उभे राहिले की होतो आहे.

‘आला’ परत कधी येईल, असे तुम्ही विचाराल. तो हळूहळू येतो, आणि काही दिवस एकाच तोंडात ‘आला’ आणि ‘येला’ दोन्ही नांदतात. कधी कधी तर ‘बाबा आलाला’ असा दोघांचा संयोगही ऐकू येतो. अपवाद एकेक करून, वारंवार ऐकून पक्के होतात. जे शब्द कानावर क्वचित पडतात त्यांना जास्त वेळ लागतो, म्हणून शाळेत जाऊ लागलेली मुलेही मधूनच ‘बाईंनी सांगलं’ म्हणतात. त्यासाठी काही करावे लागत नाही. तुम्ही बोलत राहावे लागते, एवढेच.

आता ‘मी आले’कडे येऊ. हा घोटाळा मराठी घरांत फार जुना आहे, आणि तो मुलाचा नसून आपल्या व्याकरणाचा आहे, हे मला मनापासून सांगायचे आहे. आपल्याकडे ‘मी’ म्हणणारी व्यक्ती बाई आहे की पुरुष यावरून क्रियापद बदलते. इंग्रजी बोलणाऱ्या मुलावर ही वेळच येत नाही, कारण तिथे आई, बाबा आणि मूल तिघेही ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ यासाठी एकच रूप वापरतात. तुमचा मुलगा दिवसभर तुमच्या आणि सासूबाईंच्या सहवासात असतो. तुम्ही स्वतःविषयी बोलताना ‘मी आले, मी जाते, मी दमले’ म्हणता आणि त्याच्याविषयी बोलताना ‘तू आलास, तू पडलास’ म्हणता. मग ‘मी’बरोबर ‘आलो’ लागते हे त्याने ऐकायचे कुठे? त्याच्या जवळच्या सर्व ‘मी’ जसे बोलतात तसेच तो बोलतो आहे, आणि ऐकलेल्या नमुन्यावरून पाहिले तर त्याचे उत्तर अगदी बरोबर आहे. मोठ्या भावांत वाढणाऱ्या मुली याच कारणाने ‘मी जातो’ म्हणताना दिसतात. यावर उपाय यजमानांनी आणि दिरांनी करायचा आहे. संध्याकाळी त्याच्याबरोबर बसून आपण दिवसभरात काय केले ते त्यांनी त्याला सांगावे: ‘मी बसमध्ये चढलो, मी खिडकीजवळ बसलो, मग मी घरी आलो.’ रोजची दहा-पंधरा मिनिटे त्यासाठी पुरेत. ‘मुलगी आहेस का?’ हा प्रश्न मात्र आजपासून बंद व्हायला हवा. दोन वर्षांच्या मुलाला त्यातला विनोद कळत नाही. आपण काहीतरी बोललो आणि सगळे आपल्याला हसले, इतकेच त्याला समजते, आणि त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष व्याकरणाचा नसतो.

‘तुला पाणी पाहिजे?’ आणि ‘घेऊ, घेऊ’ हे दोन्ही एकाच मुळातून फुटलेले आहेत. टेबल हे सगळ्यांसाठीच टेबल असते, पण ‘मी’ आणि ‘तू’ या शब्दांचा अर्थ बोलणारा बदलला की बदलतो. तुमच्या तोंडी ‘तू’ म्हणजे तो, आणि त्याच्या तोंडी ‘तू’ म्हणजे तुम्ही, हे उलटसुलट समजायला दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहावे लागते, आणि दोन वर्षांच्या मुलासाठी ती कसरतच आहे. शिवाय त्याचा अनुभव काय सांगतो ते पाहा. ‘तुला पाणी पाहिजे?’ हे शब्द उच्चारले गेले की पाणी येते, ‘घेऊ?’ असा आवाज आला की आपण जमिनीवरून उचलले जातो. म्हणून पाणी हवे असताना तो पाणी आणणारे वाक्य म्हणतो, आणि कडेवर यायचे असताना उचलून घेणारा शब्द म्हणतो. मला तर यात चूक शोधूनही सापडत नाही. अशा वेळी त्याला ‘तुला नाही, मला म्हण’ असे सांगू लागलात तर गोंधळ दुप्पट होईल, कारण तुमच्या तोंडचा ‘मला’ पुन्हा तुमच्याकडेच बोट दाखवतो. त्यापेक्षा पाण्याचा पेला हातात देताना त्याचे वाक्य त्याच्या बाजूने सहज म्हणून टाका: ‘आई, मला पाणी पाहिजे. हे घे पाणी.’ दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही आणि यजमान एकमेकांशी बोलत असताना त्याला जवळ खेळू द्या. दोन मोठी माणसे ‘मी’ आणि ‘तू’ची देवाणघेवाण करताना कानावर पडली की हे शब्द फिरते आहेत हे मुलाला लवकर उमगते, फक्त त्याच्याशीच बोलले गेले तर ‘तू’ हे आपले दुसरे नावच आहे असे त्याला वाटत राहते. साधारण तिसऱ्या वाढदिवसाच्या आसपास बहुतेक मुलांची ही गाठ सुटते.

उच्चारांबद्दल तुम्ही फारशी काळजी केलेली नाही, ते योग्यच आहे. क आणि ग हे वर्ण जिभेचा मागचा भाग टाळूला टेकवून होतात आणि त, द, ड जिभेच्या पुढच्या टोकाने. पुढचे टोक आधी ताब्यात येते, म्हणून काकाचा ‘ताता’ होतो, कुठेचे ‘तुते’ होते आणि गाडीची ‘दाडी’ होते. तीन-साडेतीन वर्षांपर्यंत हे बहुतेक मुलांत आपोआप मावळते. र मात्र त्याहून उशिरा येतो आणि त्याची वाट पाहावी लागते. ‘दाबली’मध्ये वर्ण सगळे बरोबर आहेत, फक्त दोन अक्षरांनी जागा बदलली आहे. कपाटाचे ‘पकाट’ आणि चमच्याचा ‘मचमा’ करणारी मुले मी किती पाहिली याची गणती नाही. तीन अक्षरांचा क्रम डोक्यात धरून जिभेला तो पाळायला लावणे हे आपल्याला सवयीने सोपे वाटते, इतकेच.

याच ठिकाणी यजमानांना एक निरोप द्यायचा आहे. ते ‘दाडी’ म्हणतात ते प्रेमाने, यात शंका नाही. पण मुलाचे कान त्याच्या जिभेच्या पुष्कळ पुढे असतात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतल्या त आणि ट यांतला फरक ओळखत होती, आणि वर्षाची होईतो, तो फरक त्यांच्या घरच्या भाषेत लागत नसल्यामुळे, ती तो विसरत होती. म्हणजे ज्या वयात बाळाला एक शब्दही बोलता येत नाही त्या वयात त्याचा कान घरच्या भाषेसाठी तासला जात असतो. तुमच्या मुलाच्या कानात ‘गाडी’ अगदी शुद्ध आहे. माझ्याकडे येणारी एक अडीच वर्षांची मुलगी काकाला ‘ताता’ म्हणत असे. एकदा तिला बरे वाटावे म्हणून मीही विचारले, ‘आज ताता आले का?’ तिने खेळणे खाली ठेवले, माझ्याकडे रोखून पाहिले आणि एकेक अक्षर सुटे करत म्हणाली, ‘ताता नाही. ता-ता!’ मी ‘काका आले का?’ असे म्हणताच तिचा चेहरा खुलला आणि तिने मान डोलावली. स्वतःच्या तोंडून निघणारा शब्द आणि मोठ्यांनी म्हणायला हवा तो शब्द, यांतले अंतर तिला पुरते माहीत होते. यजमानांनी त्याला ‘गाडी’च द्यावी, तो त्याचे ‘दाडी’ होऊ देईल आणि योग्य वेळी पुन्हा ‘गाडी’ करील.

भूभू, माऊ, चिऊ, हम्मा, जोजो, भूर हे शब्द मात्र यात मोडत नाहीत, आणि ते टाळण्याचे काही कारण मला दिसत नाही. ते मुलाच्या चुकांची नक्कल नसून मोठ्यांनी बाळांसाठी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले, जिभेला सोपे जाणारे शब्द आहेत. चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६४ साली सहा भाषांमधील बाळबोलीची तुलना केली तेव्हा त्या सहांत मराठी होती, आणि आपले मराठी भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी त्याच वर्षी मराठी बाळबोलीवर स्वतंत्र लेख लिहिला. तेव्हा सासूबाई नातवाला ‘भूर जाऊ या’ म्हणत असतील तर त्यांना खुशाल म्हणू द्या. मूल मोठे झाले की हे शब्द स्वतःच गळून पडतात.

सासूबाईंच्या ‘नीट म्हण’बद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण त्यांच्या टोकण्यामागची काळजी खरी आहे आणि ती काळजी वाया जाऊ नये असे मला वाटते. काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर घडलेला एक प्रसंग सांगते. पावणेतीन वर्षांची एक मुलगी हातात लहानशी झारी घेऊन धावत आईकडे आली आणि म्हणाली, ‘आई, मी झाडाला पाणी देलं!’ आई म्हणाली, ‘देलं नाही, दिलं. म्हण बघू, दिलं.’ मुलगी म्हणाली, ‘दिलं.’ ‘शाब्बास, आता सगळं म्हण.’ ‘मी झाडाला पाणी देलं.’ ‘अगं, दिलं!’ असे तीनदा झाले. चौथ्यांदा मुलीने झारी तिथेच ठेवली आणि ती काही न बोलता खोलीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली. तिने आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्याही मदतीशिवाय झाडाला पाणी घातले होते, ती बातमी घेऊन ती आली होती, आणि ती बातमी शेवटपर्यंत कुणी ऐकलीच नाही. त्या दुरुस्तीतून ती ‘दिलं’ शिकली नाही, हेही तुमच्या लक्षात आले असेलच.

मुलाने जे सांगितले त्याला उत्तर द्या, आणि उत्तर देताना योग्य शब्द त्यात येऊ द्या. माझा सगळा सल्ला या एका वाक्यात मावतो. ‘बाबा येला!’ असे तो ओरडला की ‘हो रे, बाबा आला! बाबा आला आणि बूट काढतोय’ असे म्हणा. ‘मी दाबली उचलली’ म्हणाला तर ‘एवढी जड बादली उचललीस? बादलीत पाणी होतं का?’ असे विचारा. त्यात त्याच्या आनंदाला धक्का लागत नाही, त्याचे बोलणे पोहोचले हे त्याला कळते, आणि त्याने नुकताच वापरलेला शब्द शुद्ध रूपात, त्याचे लक्ष अगदी तिथेच असताना, त्याच्या कानावर पडतो. शब्दावर जोर देऊ नका, ‘आता तू म्हण’ म्हणू नका, आणि तो लगेच सुधारेल अशी अपेक्षा धरू नका. रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांनी १९७० साली आई आणि मुलांच्या संभाषणांचा अभ्यास मांडला, तेव्हा आया मुलांना पसंती किंवा नापसंती दाखवतात ती मुख्यतः बोललेले खरे आहे की खोटे यावरून, व्याकरणावरून नाही, असे त्यांना आढळले. आणि ती मुले तरीही शुद्ध बोलायला शिकलीच. सासूबाईंना हे असे समजावून सांगा की त्यांनी दुरुस्ती सोडायची नाही, फक्त ती उत्तरात मिसळायची आहे. ज्यांना नातवाने चांगले बोलावे अशी इतकी ओढ आहे त्यांच्याइतके हे काम चांगले दुसरे कुणी करणार नाही, असे मला वाटते.

डरकाळीचा प्रसंग वाचताना मला मनापासून हसू आले, आणि ते मी लपवत नाही. शब्दाच्या शेवटी आलेला घ आपण रोजच्या बोलण्यात इतका हलका उच्चारतो की ‘वाघ’ आणि ‘वाग’ मुलाच्या कानाला एकच लागतात. वागणे म्हणजे काय हे दोन वर्षांच्या मुलाला कसे समजणार? वाघ मात्र त्याने चित्रात पाहिलेला आहे. आजीने ‘नीट वाघ’ व्हायला सांगितले, तो झाला, आणि पंजे पुढे करून अगदी नीट झाला. आजीचे इतके तंतोतंत ऐकणाऱ्या मुलाला ओरडा बसला नसेल अशी मी आशा करते. अजून पुढे काल आणि उद्या यांची अदलाबदल यायची आहे. ‘उद्या आपण आत्याकडे गेलो होतो’ असे तो म्हणू लागला तर दचकू नका, आपण मोठी माणसेही होऊन गेलेल्या आणि यायच्या अशा दोन्ही दिवसांना ‘परवा’च म्हणतो.

तेव्हा हसावे का, याचे उत्तर हो असे आहे. घरात लहान मूल बोलायला शिकत असताना हसू आवरणे शक्य नाही आणि आवरू नये. परंतु हसताना त्याच्याकडे पाहा. तो तुमच्याबरोबर हसत असेल, पुन्हा डरकाळी फोडून तुमच्याकडे आशेने पाहत असेल, तर तो खेळ तुमचा दोघांचा आहे. तो गोंधळून एकेकाच्या तोंडाकडे पाहत असेल, तर आधी त्याच्या म्हणण्याला उत्तर द्या. दिरांच्या व्हिडिओबाबत मात्र मी ठाम आहे. सहज काढलेले चित्रण वेगळे आणि पाहुण्यांपुढे उभे करून ‘दाबली म्हण, वाघ कर’ असे लावणे वेगळे. पहिल्यात मूल बोलत असते, दुसऱ्यात त्याला बोलायला काहीच नसते. कुणाला काही सांगायचे नाही, काही मागायचे नाही, फक्त आवाज काढायचा आणि सगळ्यांनी हसायचे. बोलण्याचा उपयोग काय, हे शिकण्याच्या वयात हा फार चुकीचा धडा आहे. तो तुमच्या मागे लपतो ते लाजाळूपणाने नव्हे, तर पुढे काय होणार हे त्याला पाठ झाले आहे म्हणून, असे मला तुमच्या पत्रावरून वाटते. दिरांना सांगा, निदान दोन महिने फर्माईश पूर्ण बंद. पाहुणे आले तर त्याला त्याच्या ओळखीचे काहीतरी करू द्या, एखादे खेळणे नेऊन दाखवू द्या, आणि तो बोलला नाही तर ‘आज बोलत नाही हं’ असा उल्लेखसुद्धा करू नका. दिरांना त्याच्या बोलण्याचे इतके कौतुक आहे तर त्यांनी एक वही घालावी. शब्द, तारीख आणि तो कशाविषयी बोलत होता हे तीन रकान्यांत लिहावे. ती वही तज्ज्ञांकडे जाताना तुमच्या फार उपयोगी पडेल.

तज्ज्ञांना दाखवावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर एका तपासणीपुरते हो असे आहे. तुम्ही लिहिलेल्या बोलण्यात विलंबाची खूण नाही. वर्षाच्या मुलाने बोट दाखवणे, हात हलवून टाटा करणे आणि ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड करणे, सोळा महिन्यांपर्यंत एखादा तरी अर्थपूर्ण शब्द म्हणणे आणि दोन वर्षांपर्यंत स्वतः जुळवलेली दोन शब्दांची वाक्ये बोलणे अपेक्षित असते. यांपैकी काही नसेल तर वाट न पाहता दाखवावे. परक्या माणसाला दोन वर्षांच्या मुलाचे साधारण निम्मे, तीन वर्षांच्या मुलाचे पाऊण आणि चार वर्षांच्या मुलाचे जवळजवळ सगळे बोलणे कळावे. कोणत्याही वयात मूल येत असलेले शब्द बोलायचेच थांबले, किंवा नावाने हाक मारल्यावर वळून पाहीनासे झाले, तर ते मात्र तातडीचे समजावे. ‘आला’चे ‘येला’ होणे त्यात येत नाही, आणि पाहुण्यांपुढे गप्प राहून घरात भरभरून बोलणेही त्यात येत नाही. पण तो उद्या घरातही गप्प राहू लागला तर मला लगेच लिहा.

तपासणी करायची आहे ती कानांची. दोनदा कान दुखला, असे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे, आणि मी नेमकी तिथेच थांबले. कानाच्या संसर्गानंतर पडद्यामागे काही काळ पाणी साचून राहू शकते. ते दुखत नाही, ताप येत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पण मुलाला सगळे कानांत बोळे घातल्यासारखे मंद ऐकू येते. बहुतेकदा ते काही आठवड्यांत आपोआप ओसरते. तरीही ज्या महिन्यांत मूल भाषा कानांनी उचलत असते त्या महिन्यांत ते साचून राहिले नाही ना, याची खात्री करून घेणे बरे. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि श्रवणतपासणी करायची आहे असे स्पष्ट सांगा. त्यात सुई नसते आणि दुखतही नाही. जाण्याआधी चार-पाच दिवस एवढे पाहून ठेवा की तो पाठमोरा असताना हळू मारलेली हाक त्याला ऐकू येते का, आणि बोलताना तो तुमच्या ओठांकडे फार निरखून पाहतो का.

अहवाल हाती आला की मला दोन ओळी लिहा. आणि दिरांनी वही घातली असेल तर तिच्यातले पहिले पानही कळवा. ‘घेऊ’च्या जागी ‘घे’ कोणत्या तारखेला आले, ते मला वाचायचे आहे.